गाडीला जादा लाइट लावताय? आधी फ्यूज, रिले अन् मागचे शॉकअप बघा

मंगरूळपीर (प्रतिनिधी) : गहू-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस आले की आपल्याकडे रात्रीची दुचाकी वाहतूक वाढते. कृषी पंपाची लाइन रात्रपाळीत असली की बारा-एकला मोटरसायकल काढावीच लागते. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातल्या मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे आपल्याला जुनेच रस्ते. त्यावर कडेला विनालाइटची ट्रॉली उभी, सोयाबीनच्या हंगामात वाळायला टाकलेल्या ढिगाभोवती दगड, आणि कधी मधूनच उडी मारणारा रोही नाहीतर रानडुकराचा कळप. त्यामुळं गाडीला जादा एलईडी लाइट बसवायची पद्धत गावोगावी झाली आहे. आपण त्या सगळ्यांना फॉग लाइटच म्हणतो. दुकानात अर्ध्या तासात बसवून मिळतात.

मीही बसवले होते. त्याचं काय झालं ते आधी सांगतो.

गेल्या थंडीत मी आणि सौ. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो होतो. परत निघायला उशीर झाला. मागे सौ., तिच्या मांडीवर पिशवी, मागच्या कॅरिअरला आणखी एक थैली बांधलेली. पुसद सोडून अनसिंगकडे येताना एका वळणावर हँडल वळवलं आणि एकदम सगळं बंद. हेडलाइट, जादा लाइट, मागचा लाल लाइट, हॉर्न, इंजिन, सगळंच. डोळ्यांसमोर काळोख. नशीब, मागून ट्रक नव्हता. अंदाजानं ब्रेक दाबत गाडी कडेला घेतली.

मेन फ्यूज उडाला होता. मागून आलेल्या एका पोरानं चांगल्या मनानं फ्यूजच्या जागी वायरीतली तांब्याची तार बसवून दिली. चावी फिरवल्याबरोबर टाकीखालून धूर निघाला, प्लास्टिक जळाल्याचा वास आला. वर टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल. तार ओढून काढली आणि मोबाईलच्या उजेडात पुढच्या गावापर्यंत गाडी ढकलत आणली. सौ. वाटेत एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीनं टाकी उतरवली. जादा लाइटची वायर थेट हेडलाइटच्या वायरीला पीळ मारून जोडलेली, वर नुसती काळी टेप. तिला स्वतःचा फ्यूज नाही. आणि हँडलच्या मानेजवळून ती इतकी ताणून नेलेली की प्रत्येक वळणाला ती चेसिसच्या धारेवर घासत होती. घासून घासून वरचं प्लास्टिक गेलं, तांबं चेसिसला टेकलं, शॉर्ट झालं. लाइट चांगलेच होते. वायर कुठून घेतली आणि कशी ओढली, तिथं सगळा घोळ होता. त्यानंतर त्याच्याजवळ दोन दिवस बसून सगळी वायरिंग नव्यानं केली. तेव्हा जे शिकलो ते खाली देतो.

आधी आहे तो हेडलाइट तपासा

जादा लाइट घ्यायच्या आधी गाडीचा मूळ हेडलाइट पूर्ण ताकदीनं लागतो का ते बघा. काच पिवळी पडली, आतली चकाकी उडाली, निगेटिव्हचा जोड गंजला, एवढ्यानं अर्धा उजेड जातो. माझ्या मते निम्म्या लोकांचं काम इथंच भागेल. मूळ बल्ब बऱ्याच गाड्यांना ३५ वॉटचा असतो. त्या जागी ९०-१०० वॉटचा टाकला की होल्डर आणि कपलर वितळतो. हॅलोजनच्या डोममध्ये एलईडी बल्ब टाकला तर उजेड जागेवर न पडता चहूकडे फाकतो, म्हणजे आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याला आपण दिसत नाही.

वीज किती खाते, ते मोजा

हिशोब शाळेतलाच आहे. वॉटला व्होल्टनं भागलं की अँपिअर. २० वॉटचे दोन लाइट म्हणजे ४० वॉट. ४० भागिले १२, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या जरा वर. मूळ हेडलाइट ३५ वॉटचा, म्हणजे जवळपास तीन अँपिअर. हेडलाइटच्याच वायरीला हे दोन जोडले की ज्या पातळ वायरीतून आणि ज्या छोट्या बटणातून तीन अँपिअर जायला पाहिजे, तिथून सहाच्या वर जातात. वायर तापते, बटणाचे पॉइंट काळे पडतात. डब्यावर शंभर-दीडशे वॉट छापलेलं असतं, ते खरं धरू नका. मिस्त्रीकडं मीटर असेल तर लाइट लावून अँपिअर मोजून घ्या.

१०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी ३ अँपिअर-अवर इतकीच असते. इंजिन बंद ठेवून हे दोन लाइट लावले तर तास व्हायच्या आत ती बसते. आपल्याकडे नेमकं हेच होतं. विहिरीवर गेलो, स्टार्टरच्या पेटीकडं गाडीचं तोंड केलं, इंजिन बंद, लाइट चालू, आणि मोटर सुरू करून, वाफे बघून आलो तर सेल्फ मारत नाही. जुन्या गाडीला किक मारून निघता येत होतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यातल्या फ्यूल इंजेक्शनच्या गाड्यांना पेट्रोल सोडायलाही वीज लागते. बॅटरी पार बसली तर किक मारून पाय दुखतात, दुसरं काही होत नाही. पेटीजवळ उजेड पाहिजे तर बॅटरीची टॉर्च न्या.

गाडी चालू असताना बॅटरी भरते की रिकामी होते हे कळायला एक साधं माप आहे. मीटरचे दोन टोक बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साडेबाराच्या आसपास दाखवते. आता गाडी चालू करून थोडी रेस ठेवा, हेडलाइट, जादा लाइट सगळे लावा, ब्रेकही दाबून धरा. तरी मीटर १३ च्या वर राहिला तर मॅग्नेट कॉइलला हा भार झेपतो. साडेबाराच्या खाली आला तर झेपत नाही, मग कमी वॉटचे लाइट घ्या. दुकानदार काहीही म्हणो.

जुन्या गाड्यांची आणखी एक गोष्ट. त्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर असतो. म्हणून रेस कमी केली की तो मंद होतो. अशा वायरीवर एलईडी जोडली तर ती फडफडते आणि लवकर जाते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनसोबत लाइट आपोआप चालू राहायची सक्ती आली, पण तुमचा लाइट एसी आहे की डीसी हे मिस्त्रीला मीटर लावूनच विचारा.

रिले म्हणजे पंपाचा स्टार्टर

रिले हे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. आपल्या मोटरपंपाच्या स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल ओढते आणि मोटरीची वीज जाड पट्ट्यांतून जाते. ती बटणातून जात नाही. रिले तेच काम करतो, फक्त आगपेटीपेक्षाही छोटा असतो. बटणातून जेमतेम पाव अँपिअरही जात नाही, लाइटचा भार रिलेतून जातो.

त्याच्या चार पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वायर येते, मध्ये फ्यूज. ८७ वरून वायर लाइटला जाते. ८५ निगेटिव्हला. ८६ ला बटणावरून इशारा येतो. लाइटची निगेटिव्ह वायर चेसिसला कुठंतरी बोल्टखाली अडकवण्यापेक्षा बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणलेली बरी, कारण रंग आणि गंजामुळं चेसिसचा जोड कच्चा राहतो. या आकाराच्या लाइटला एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते.

फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत पाहिजे. लाइटजवळ लावला तर बॅटरी ते लाइट ही सगळी वायर उघडीच राहते, आणि शॉर्ट तर तिथंच होतो. सव्वातीन अँपिअरच्या भाराला ५ अँपिअरचा फ्यूज. पुन्हा पुन्हा उडतो म्हणून १५ किंवा २० चा टाकायचा नाही. उडतो याचा अर्थ वायर कुठंतरी टेकते आहे, ती जागा शोधा. फ्यूज वायर वाचवायला असतो, लाइट वाचवायला नाही. आणि तांब्याची तार कधीच नाही, तो धूर मी पाहिला आहे.

आता ८६ ला इशारा कुठून द्यायचा? बहुतेक ठिकाणी हॉर्नच्या किंवा टेललाइटच्या चावीवर येणाऱ्या वायरीवरून देतात, मध्ये एक बटण. चावी काढली की लाइट बंद, एवढा फायदा. पण दूरवर फेकणारा लाइट असेल तर इशारा अप्परच्या वायरीवरून घ्या. मग समोरून गाडी आली, तुम्ही डिपर केला, की जादा लाइटही त्याच क्षणी बंद होतात. वेगळं बटण शोधायला हँडलवरचा हात हलवावा लागत नाही. हेडलाइट एसीवर असेल तर हे जमत नाही, रिले टरटर वाजत राहतो. नव्या एलईडी हेडलाइटच्या गाडीत मात्र कंपनीच्या वायरिंगला चिरा देण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारलेलं बरं, वॉरंटीचा प्रश्न येतो.

जोड पीळ मारून टेप लावून सोडू नका. थिंबल दाबून किंवा डाग देऊन, वर हीट स्लीव्ह चढवा. टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळतो आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. हँडलच्या मानेजवळ वायरीला थोडा झोल ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, कुठंच ताण पडला नाही पाहिजे. इंजिनच्या आणि सायलेन्सरच्या बाजूनं वायर नेऊ नका. लाइट हँडलवर किंवा मडगार्डवर लावण्यापेक्षा लेगगार्डवर लावा. हँडलवर वजन वाढत नाही, आणि खालून पडणाऱ्या उजेडात खड्ड्याची सावली पडते म्हणून खड्डा आधी ओळखू येतो.

मागे भार, पुढे उजेड आभाळात

एवढं सगळं केलं, गाडी घेऊन निघालो, तर समोरचे लोक अजूनही डिपर मारत होते. मग मिस्त्रीनं जे दाखवलं ते आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

लाइट दुकानात लावतात तेव्हा गाडी मोकळी असते. रात्री आपण जातो तेव्हा मागे माणूस असतो, नाहीतर दुधाच्या कॅन, फवारणीचा पंप, बियाण्याची बॅग. मागचे शॉकअप दबतात, गाडीचं तोंड वर होतं. १०० सीसीच्या गाडीत दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास असतं. मागची बाजू फक्त तीन सेंटिमीटर जास्त बसली, तर तीस मीटर पुढे उजेड सत्तर सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे जो उजेड रस्त्यावर पडायचा तो समोरून येणाऱ्याच्या छातीवर, डोळ्यांवर जातो. त्याला रस्ता दिसत नाही, आणि आपल्याला वाटतं उजेड कमी पडतो, आणखी एक लाइट लावू. माझ्या गाडीचं हेच होत होतं.

उपाय फुकटातला आहे. मागच्या शॉकअपच्या खाली खाचा असतात, बहुतेक गाड्यांना पाच. टूलकिटमधल्या आकडी पान्यानं त्या फिरवता येतात. डबलसीट किंवा ओझं असेल तर एक-दोन खाचा कडक करा, दोन्ही बाजूंना सारख्याच. मग नेहमीचा भार गाडीवर ठेवून, मागे माणूस बसवून, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी सरळ उभी करा. लाइट जमिनीपासून जेवढ्या उंचीवर आहे तेवढी खूण भिंतीवर खडूनं करा. डिपरचा उजेडाचा वरचा काठ त्या खुणेच्या पाच सेंटिमीटर खाली यायला पाहिजे. जादा लाइट त्याहून थोडे खाली. मोकळ्या गाडीवर हे माप घेऊन उपयोग नाही.

मागे वजन असलं की गाडीचा तोलही बिघडतो. पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात तरंगल्यासारखं वाटतं. कॅरिअरच्या मागच्या टोकाला बांधलेलं दहा किलो सीटला चिकटून बांधलेल्या दहा किलोपेक्षा जास्त त्रास देतं. कॅन दोन्ही बाजूंना सारख्या आणि जितक्या खाली लटकवता येतील तितक्या बऱ्या. मागच्या टायरची हवा भारानुसार बदलावी लागते, हे तर आपण सोडूनच देतो. माहितीपुस्तकात किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर एकट्याचा आणि डबलसीटचा असे दोन आकडे असतात, आणि दोन्हींत बराच फरक असतो. पंक्चरवाला विचारतो, “किती टाकू?” आपण म्हणतो, “टाक तुझ्या अंदाजानं.”

साठच्या आसपास हँडल थरथरत असेल तर कोनसेट बघा. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, हँडल हळूच फिरवा. सरळ मधोमध आल्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेटला खड्डे पडलेत, बदलावा लागेल. पुढचे शॉकअप धरून मागे-पुढे ओढल्यावर खटखट वाजलं तर ढिला आहे. मागचं चाक धरून आडवं हलवा. पूर्ण चिमटाच हलत असेल तर त्याचे बुश गेले, नुसतं चाक हलत असेल तर बेरिंग. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या नाहीत तर मागचं चाक तिरकं चालतं. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल मडगार्डमध्ये आणि ब्रेकच्या ड्रमभोवती बसतो, तोही पाणंद रस्त्यावरून वर आल्यावर काढायचा असतो. यातलं काही बिघडलेलं असेल तर चांगल्या उजेडानं फक्त स्पीड वाढतो.

स्पीडचं गणितही बघा. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर जाते. रोही दिसला, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, त्यात तो सेकंद गेला. त्यानंतर कोरड्या डांबरावर साधे ब्रेक गाडी थांबवायला सत्तावीस-अठ्ठावीस मीटर घेतात. एकूण पंचेचाळीसच्या घरात. डिपरचा उजेड धड तेवढा लांब पोचत नाही. चाळीसला हाच आकडा चोवीस मीटर होतो. भार असेल, वाळू-माती असेल तर आणखी वाढवा. रोही तर एकटा नसतो. एक गेला की दुसरा मागून येतोच.

कायदा काय म्हणतो

हे न सांगता लेख संपवला तर वाचणाऱ्याची फसवणूक होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलाला गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १०६ व्या नियमात पुढचा दिवा खाली वळलेला असावा, आठ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो चमकू नये, असं लिहिलं आहे. स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट परवानगीशिवाय लावायला १११ वा नियम मनाई करतो. पुढे लाल किंवा निळा चमकणारा लाइट लावणाऱ्या पोरांनी तर गप्प बसावं.

म्हणजे वायरिंग कितीही चांगली असली तरी कंपनीनं किंवा नियमानं मान्य न केलेल्या लाइटला दंड होऊ शकतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी वायरिंगवर बोट ठेवू शकते. काही कंपन्या आपल्या ठरावीक गाड्यांसाठी स्वतःचे जादा लाइट विकतात, ते घेतले तर पावती जपून ठेवा. शंका असेल तर वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडीच्या मॉडेलसह विचारून घ्या.

माझ्या गाडीवर आता लेगगार्डला दोन छोटे, पसरट उजेडाचे लाइट आहेत, अप्परच्या वायरीवर, रिले आणि पाचच्या फ्यूजसह. रिले, फ्यूज होल्डर, वायर, स्लीव्ह मिळून चारशेच्या आत खर्च आला, मिस्त्रीची मजुरी वेगळी. दोन जादा फ्यूज सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आहेत. एक गोष्ट राहिली होती. गाडी गोठ्याजवळ उभी राहते, तिथं ढेपेच्या वासानं उंदीर येतात आणि नवी वायर कुरतडतात. म्हणून वायरींवर जाड स्लीव्ह चढवून घेतली, आणि दर पंधरा दिवसांनी सीट काढून टॉर्च मारून बघतो.